स्टाउरपोर्ट : कालव्याने वसवलेले गाव

इंग्लंडातील बहुतेक गावांच्या उगमाचा माग काढू लागले म्हणजे तो कुठे एखाद्या रोमन छावणीपाशी, कुठे सॅक्सन राजाने मठाला दिलेल्या दानपत्रापाशी, तर कुठे नॉर्मन सरदाराच्या पडक्या गढीपाशी जाऊन पुसट होतो, आणि त्यापलीकडे केवळ तर्क उरतो. वुस्टरशायर परगण्यात सेव्हर्न नदीच्या डाव्या तीरावर वसलेल्या स्टाउरपोर्टची गोष्ट वेगळी आहे. १४ मे १७६६ रोजी ब्रिटिश पार्लमेंटने स्टॅफर्डशायर आणि वुस्टरशायर कालवा खोदण्याचा कायदा मंजूर केला, त्या कायद्यान्वये एक कंपनी स्थापन झाली, तिने कालवा खोदला, आणि स्टाउर नावाची लहानशी नदी सेव्हर्नला जिथे मिळते तिथे, लोअर मिटन या चार घरांच्या वस्तीशेजारच्या कुरणात, हे गाव उभे राहिले. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली आयुष्याच्या अखेरीस घोडागाडीतून देशभर प्रवचने देत फिरत असता येथे आला होता. वीस वर्षांपूर्वी जिथे एकच घर होते तिथे आता दोन-तीन रस्ते झाले आहेत, आणि व्यापाराची वाढ अशीच चालू राहिली तर हे मोठे गाव होईल, अशी नोंद त्याने आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. राजा, सरदार, धर्मपीठ यांपैकी कोणाचाही हात न लागता केवळ कालव्यामुळे जन्माला आलेले आणि कालव्याच्या उत्पन्नावर वाढलेले असे दुसरे गाव ब्रिटनमध्ये दाखवणे कठीण आहे.

आपल्याकडे कालवा म्हटला की शेताला पाणी पोचवणारा पाट डोळ्यांसमोर येतो. खडकवासल्याहून निघून पुण्याच्या पेठांना वळसा घालीत हडपसरकडे जाणारा मुठेचा कालवा पाहत लहानाचा मोठा झालेल्या मला, इंग्लंडातील कालव्याचा शेतीशी काडीचाही संबंध नाही, तो निव्वळ रस्ता आहे, ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला. अठराव्या शतकाच्या मध्यावर त्या देशातील रस्त्यांची अवस्था अशी होती की पावसाळी महिन्यांत गाड्यांची चाके आसापर्यंत चिखलात रुतत, आणि स्टॅफर्डशायरच्या कुंभारवाड्यांतून निघालेली चिनीमातीची भांडी घोड्यांच्या पाठीवरून बंदरापर्यंत पोचेतो त्यांतील कितीतरी फुटून जात. जो घोडा पाठीवर तीन-साडेतीन मण ओझे कसाबसा वाहतो, तोच घोडा संथ पाण्यावर तरंगणारी, २५ टन माल भरलेली नौका दोराने ओढीत काठाकाठाने दिवसभर चालू शकतो. या एका व्यावहारिक हिशेबातून इंग्लंडचे सारे कालवे निघाले, आणि त्या कालव्यांच्या आधारावर पुढची यंत्रयुगाची इमारत चढली.

स्टाउरपोर्टचा कालवा आखणारा जेम्स ब्रिंडली हा माणूस मला फार ओढ लावतो. डर्बीशायरमधील एका खेड्यात १७१६ साली जन्मलेला हा गृहस्थ पेशाने गिरण्यांची चक्रे दुरुस्त करणारा कारागीर होता. लिहिण्यावाचण्याच्या बाबतीत तो जवळजवळ निरक्षरच राहिला, आणि एखादा अवघड प्रश्न पुढे आला की आराखडे न काढता अंथरुणावर पडून राही, व उत्तर सापडल्यावरच उठे, असे त्याच्याविषयी सांगतात. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी त्याच्याकडून कालवा बांधून घेतला, आणि १७६१ साली बार्टन येथे अर्वेल नदीवरून कमानींच्या पुलातून नौका जाऊ लागल्या, तेव्हा ते दृश्य पाहायला लांबलांबून लोक आले. ब्रिंडलीच्या मनात त्याहून मोठी योजना होती. मर्सी, ट्रेंट, सेव्हर्न आणि टेम्स या चार नद्या कालव्यांनी एकमेकींस जोडाव्यात, म्हणजे लिव्हरपूल, हल, ब्रिस्टल आणि लंडन ही चारही बंदरे देशाच्या अंतर्भागाशी बांधली जातील, असा तो संकल्प होता. ४६ मैल लांबीचा, ४३ लॉक (नौका एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे हौद) असलेला हा कालवा त्या योजनेतील सेव्हर्नकडे येणारा हात होय. डोंगर फोडण्यापेक्षा त्याला वळसा घालावा, उतारावरच्या एकाच पातळीचा धागा धरून चालावे, आणि पाणी झिरपू नये म्हणून कालव्याच्या तळाशी ओली चिकणमाती तुडवून तुडवून तिचा जाड थर द्यावा, ही त्याची पद्धत होती. २८ मे १७७२ रोजी कालवा पूर्ण झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्रिंडली निवर्तला. चार नद्यांची पूर्ण जोडणी झाली १७९० साली.

स्टाउरपोर्टच्या जन्माविषयी एक आख्यायिका तिकडे आजही सांगितली जाते. वरच्या अंगाला चारएक मैलांवर ब्यूडली नावाचे जुने, संपन्न नदीबंदर आहे. ब्रिंडलीचा बेत प्रथम कालवा तिथेच आणण्याचा होता, पण तिथल्या व्यापाऱ्यांनी असला घाणेरडा चर आम्हांला नको म्हणून त्याला परत लावले, आणि त्यामुळे ब्यूडलीची लक्ष्मी चालत मिटनला गेली, अशी ती गोष्ट. गर्वाचे घर खाली झाल्याची कथा ऐकायला सर्वांनाच आवडते, म्हणून ती टिकली असावी. पण जो कोणी किडरमिन्स्टरच्या बाजूने तो मुलूख पायी पाहील त्याला ती पटणार नाही. किडरमिन्स्टर आणि ब्यूडली यांच्यामध्ये चढउताराची जमीन आहे, तर दक्षिणेकडे स्टाउर नदीने स्वतःच एक सखल, रुंद खोरे कोरून ठेवले आहे, आणि उताराची वाट सोडून चढ चढणे हे ब्रिंडलीच्या स्वभावात नव्हते. ब्यूडलीच्या व्यापाऱ्यांनी काही म्हटले असो वा नसो, कालवा स्टाउरच्या मुखाशीच येणार होता. त्या सुंदर गावाच्या माथी हा दोष उगाच मारला गेला आहे, असे माझे मत आहे.

किडरमिन्स्टर हे गालिच्यांचे गाव. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या पायथ्याशी एक लॉक आहे, आणि त्या लॉकपासून कालव्याकाठच्या घोडवाटेने दक्षिणेकडे निघाले की चार-पाच मैलांवर स्टाउरपोर्ट लागते. ही घोडवाट म्हणजे नौका ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली पायवाट. घोडे गेले, वाट राहिली आहे. सुरुवातीला जुन्या गालिचा-गिरण्यांच्या विटकरी भिंती आणि नव्या दुकानांचे मागचे दरवाजे सोबत करतात. नंतर शहर मागे पडते, डाव्या हाताला स्टाउर नदी झाडीतून मधूनमधून डोकावू लागते, आणि तांबड्या वाळूखडकाचे कडे पाण्याच्या अगदी काठाशी येऊन उभे राहतात. हा खडक इतका मऊ आहे की वरच्या अंगाला किन्व्हर येथे लोक त्यात खोल्या खोदून विसाव्या शतकापर्यंत राहत होते. वाटेतल्या लहान विटांच्या पुलांना ओतीव लोखंडाच्या नावपट्ट्या आहेत, आणि काही पुलांच्या कोपऱ्यांवर ओल्या दोरांच्या घर्षणाने पडलेल्या खाचा आहेत. त्या खाचांत मी बोट घालून पाहिले. पेरभर आत गेले. एकेका दोराने किती सूक्ष्म अंश झिजवला असेल आणि त्यामागे किती घोड्यांची व माणसांची पायपीट असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

स्टाउरपोर्ट जवळ येता येता प्रॅट्स वॉर्फ नावाची एक जागा लागते. एके काळी इथून एका लॉकमधून नौका कालव्यातून स्टाउर नदीत उतरत आणि नदीने विल्डन येथील बाल्डविन घराण्याच्या लोखंडाच्या कारखान्याकडे जात. या विल्डनशी आपल्या मुंबईचे नाते आहे, आणि ते आडवळणाचे असले तरी खरे आहे. मॅकडॉनल्ड नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या मुलींपैकी लुइसा ही कारखानदार आल्फ्रेड बाल्डविनला दिली, जॉर्जियाना ही चित्रकार बर्न-जोन्सला, आणि ॲलिस ही जॉन लॉकवुड किपलिंगला. हा लॉकवुड किपलिंग मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक होऊन आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्ट त्याच्याच आराखड्याचे आहेत. त्याचा मुलगा रडयार्ड ३० डिसेंबर १८६५ रोजी त्या कलाशाळेच्या आवारात जन्मला. लुइसेचा मुलगा स्टॅन्ली १८६७ साली ब्यूडलीत जन्मला आणि पुढे तीन वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. ज्या १९३५ च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात निवडणुका होऊन लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तो संमत झाला तेव्हा हाच मावसभाऊ पंतप्रधानपदी होता. विल्डनच्या लहानशा चर्चमधील रंगीत काचांच्या खिडक्या बर्न-जोन्सच्या चित्रांवरून केलेल्या आहेत, आणि कालव्यावरून थोडी वाट वाकडी करून त्या पाहाव्यात इतक्या त्या मोलाच्या आहेत.

गावात शिरताना कालवा मुद्दामच आपले महत्त्व लपवतो असे वाटते. घरांच्या परसदारांमधून, एका पुलाखालून, यॉर्क स्ट्रीटच्या लॉकमधून तो खाली उतरतो, आणि मग एकाएकी समोर पाण्याचा रुंद चौक उघडतो. आपल्याकडे गोदी हा शब्द समुद्रासाठी वापरतात. इथे समुद्र कित्येक कोस दूर, तरी जे आहे त्याला गोदीच म्हणावे लागते. एकाला एक लागून अनेक गोद्या, त्यांच्या भोवती विटांच्या वखारी, मध्ये दगडी काठ, पाण्यात रंगीबेरंगी नौकांची दाटी, आणि पलीकडे, बऱ्याच खालच्या पातळीवर, सेव्हर्न. पहिली गोदी १७७१ साली झाली, आणि व्यापार वाढला तशा पुढच्या चार दशकांत एकामागून एक नव्या गोद्या खणल्या गेल्या. त्या नदीपेक्षा इतक्या उंचावर ठेवण्याचे कारण उघड आहे. सेव्हर्न ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी, वेल्सच्या डोंगरांतून येते, आणि तिकडे पाऊस झाला की इथे तिचे पाणी झपाट्याने चढते. १७७५ साली बांधलेला गावचा पहिला पूल १७९४ च्या पुराने नेला, आणि आजचा लोखंडी पूल १८७० चा आहे. नदीकाठची हिरवळ आणि मनोरंजनाची मैदाने हिवाळ्यात वरचेवर पाण्याखाली जातात, गोद्यांमधले पाणी मात्र आपल्या जागी स्थिर असते. नदीच्या लहरीपासून व्यापार सुरक्षित ठेवण्याची ही तजवीज ज्यांनी केली त्यांच्या दूरदृष्टीचे कौतुक केल्याशिवाय राहवत नाही.

गोदीतून नदीत उतरायला दोन वाटा आहेत. एक रुंद लॉकांची, सुमारे १५ फूट रुंदीची, नदीवरच्या मोठ्या गलबतांसाठी. दुसरी अरुंद लॉकांची, कालव्यावरच्या सात फूट रुंदीच्या नौकांसाठी, दहाएक वर्षांनी पाणी वाचावे म्हणून बांधलेली. अरुंद वाटेवर चार लॉक आहेत, दोन-दोनांच्या जोड्यांनी, आणि प्रत्येक जोडीत वरच्या लॉकचा खालचा दरवाजा हाच खालच्या लॉकचा वरचा दरवाजा असतो. मी गेलो त्या दिवशी एक वृद्ध दांपत्य आपली लांबलचक निळी नौका घेऊन नदीकडे उतरत होते. आजोबा सुकाणूवर उभे, आजी काठावर, हातात काटकोनात वाकवलेला लोखंडी हत्ता. नौका वरच्या हौदात शिरली, मागचा दरवाजा लागला, आजींनी दात्यांच्या पट्टीवर हत्ता बसवून फिरवला, खटखट करीत झडप वर चढली, आणि वरच्या हौदातले पाणी खालच्या हौदात उतरू लागले. भिंतीवरची हिरवी, निथळती शेवाळ इंच इंच उघडी पडत होती, नौका कसलाही आवाज न करता खाली जात होती, आणि थोड्याच वेळात दोन्ही हौदांतले पाणी एका पातळीला येऊन मधला दरवाजा सैल झाला. तो उघडायचा असतो एका जाड लाकडी तुळईने. मी हातांनी रेटू लागलो तेव्हा तिथे देखरेखीला असलेल्या एका स्वयंसेवकाने पाठ टेकवून पायांनी रेटायला सांगितले, आणि जमिनीकडे बोट दाखवले. तुळई ज्या कंसात फिरते त्या कक्षेत विटांच्या उभ्या कडा जमिनीतून बोटभर वर ठेवलेल्या आहेत, पाय घसरू नये म्हणून. टाच त्या कडेला टेकवली, पाठ तुळईला लावली, आणि तो कित्येक मणांचा दरवाजा सावकाश हलला. यंत्र नाही, वीज नाही, तेल नाही. पाण्याचे वजन आणि माणसाची पाठ एवढ्यावर हे सारे चालते, आणि तसेच चालत आलेले आहे.

या गोद्यांच्या भरभराटीच्या काळात सेव्हर्नवरून ट्रो नावाची सपाट तळाची, शिडाची गलबते ब्रिस्टलहून येत. वर येताना साखर, दारू, धान्य, इमारती लाकूड. उतरताना स्टॅफर्डशायरची भांडी, बर्मिंगहॅमलगतच्या ब्लॅक कंट्री या कारखान्यांच्या मुलुखाचे लोखंडी सामान, वुल्व्हरहॅम्प्टनची कुलपे, आणि कोळसा. इथल्या वखारींत माल एका नौकेतून दुसऱ्या नौकेत चढे, आणि त्या चढउतारावरच गाव जगे. ब्रिस्टलहून येणारी साखर वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांच्या घामाची होती, ही गोष्ट या देखण्या विटांच्या वखारी पाहताना विसरता कामा नये. इंग्लंडच्या अंतर्भागातल्या या शांत गोदीचा धागा त्या अमानुष व्यापारापर्यंत जातो.

वारा पडला की ट्रो पुढे सरकत नसे, आणि तेव्हा ती ओढायला माणसे लावीत. नदीला काठाने धड वाट नव्हती, म्हणून ही माणसे, बो-हॉलियर या नावाने ओळखली जाणारी, टोळ्या करून, छातीवर पट्टा अडकवून, चिखलातून आणि उथळ पाण्यातून प्रवाहाविरुद्ध गलबत ओढीत चालत. कालव्यावर घोडा जे काम करी ते शेजारच्याच नदीवर माणूस करी, आणि तेही कालवा होऊन गेल्यावर कित्येक वर्षे. नदीकाठाने घोड्यांसाठी वाट करण्याच्या योजना पुढे आल्या तेव्हा पोटावर पाय येईल म्हणून याच माणसांनी त्यांना विरोध केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अखेर ती वाट झाली आणि हा पेशा संपला. त्यांच्या नावाने गावात एखादा दगड असावा, असे मला मनापासून वाटते.

कंपनीने आपल्यासाठी मात्र भव्य खूण ठेवली. गोद्या आणि नदी यांच्यामध्ये, दोहोंकडे नजर टाकता येईल अशा उंचवट्यावर, टोंटाइन हॉटेलची तिमजली विटांची रुंद इमारत १७७० च्या दशकाच्या आरंभी उभी राहिली. टोंटाइन ही त्या काळची भांडवल उभारण्याची एक तऱ्हा. वर्गणीदारांपैकी जो जो वारेल त्याचा वाटा मागे राहिलेल्यांत वाटला जातो. कंपनीच्या सभा इथे भरत, व्यापारी इथे उतरत, काहींची राहती घरेही याच इमारतीत होती. तिच्यावर कोरीव खांब नाहीत की ढाली-मुकुट नाहीत, पण खिडक्यांच्या रांगांची प्रमाणबद्धता आणि विटांचा तो शांत तांबडा रंग यांमुळे ती डोळ्यांत भरते. व्यापारी मंडळींनी पैशाच्या हिशेबातून बांधलेली इमारतही किती सुसंस्कृत असू शकते, हे मला तिच्यासमोर उभे राहून पटले. वरच्या गोदीच्या काठावर लांबट वखार आहे, तिच्या छपरावर पांढऱ्या फळ्यांचा छोटा मनोरा आणि त्यात घड्याळ. हे घड्याळ १८१२ च्या सुमारास कंपनी आणि गावकरी यांच्या सामाईक वर्गणीतून बसवले गेले. पाण्यावरचा खलाशी, वखारीतला हमाल आणि पेढीवरचा कारकून या सर्वांचा दिवस त्याच्यावर चाले. आज त्या वखारीत नौकाविहार करणाऱ्यांचा क्लब आहे, आणि टोंटाइनमध्ये सदनिका झाल्या आहेत.

घड्याळ बसले आणि तीनच वर्षांत गावाची वेळ बदलली. १८१५ मध्ये वुस्टर आणि बर्मिंगहॅम यांना सरळ जोडणारा कालवा पुरा झाला, आणि बर्मिंगहॅमचा माल स्टाउरपोर्टला न येता परस्पर वुस्टरला उतरू लागला. नदीचाही त्रास होताच. उन्हाळ्यात सेव्हर्न उथळ झाली की गलबते आठवडेच्या आठवडे अडकून पडत. १८४२ मध्ये सेव्हर्नसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला, स्टाउरपोर्टच्या खाली लिंकमपासून वुस्टरच्या डिग्लिसपर्यंत बंधारे आणि लॉक बांधले गेले, पाण्याची खोली कायम राहिली, पण तोवर पुष्कळ व्यापार दुसरीकडे गेला होता. कंपनीने हार खाल्ली नाही. तिच्या कालव्याचा उत्तरेकडचा अर्धा मैल असा होता की बर्मिंगहॅमहून लिव्हरपूलकडे नव्या कालव्याने जाणाऱ्या प्रत्येक नौकेला तो ओलांडावाच लागे, आणि त्या अर्ध्या मैलावर कंपनी भारी जकात वसूल करी. अखेर दोन्हीकडच्या कालवा-कंपन्यांनी तो तुकडा टाळून वरून पूल बांधण्याची धमकी दिली, तेव्हा तिने दर उतरवले. १८६२ साली सेव्हर्न खोऱ्यातून आगगाडी आली. इतर कितीतरी कालवे रेल्वे कंपन्यांनी विकत घेऊन हळूहळू मारले, हा मात्र १९४८ साली राष्ट्रीयीकरण होईपर्यंत आपल्याच कंपनीच्या हाती स्वतंत्र राहिला. तो आज पाण्याने भरलेला दिसतो याचे श्रेय मी या हट्टाला देतो.

गावाने दुसरे धंदे धरले. गालिचे, सिरका, लोखंडी साखळ्या. १९२७ साली नदीकाठी विजेचे मोठे केंद्र सुरू झाले आणि त्याला लागणारा कोळसा कॅनकच्या खाणींतून कालव्याने येऊ लागला. जिच्यासाठी कालवा खोदला ती कोळशाची वाहतूक पुन्हा जोरात चालली, पण १९४९ मध्ये तीही थांबली. विजेचे केंद्रही आता नाही, त्या जागी घरे आहेत. १९४९ नंतरची दहा वर्षे कालव्याच्या आयुष्यातली सर्वांत वाईट असावीत. मालवाहतूक नाही म्हणजे उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणजे दुरुस्ती नाही, आणि सरकारी दप्तरातून तो बंद करण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा १९५९ साली काही सामान्य नागरिकांनी एकत्र येऊन कालव्याच्या रक्षणासाठी संस्था काढली, पत्रव्यवहार केला, सभा घेतल्या, स्वतः हाती खोरी घेऊन गाळ उपसला. १९६८ च्या कायद्याने कालवा नौकाविहारासाठी राखून ठेवला गेला. या शतकाच्या पहिल्या दशकात गोद्यांचा जीर्णोद्धार झाला, आणि बुजवून लाकडाची वखार केलेली एक गोदीसुद्धा पुन्हा खणून पाण्याने भरण्यात आली. बुजवलेले पाणी परत आणणारी गावे जगात थोडी असतील. आपल्या नद्यांकाठच्या शहरांतून ओढे आणि तळी बुजवून इमारती चढवणाऱ्या कारभाऱ्यांनी ती एक गोदी पाहून यावी.

गोद्यांतून बाहेर पडून नदीकाठी आले की एकदम वेगळे जग लागते. पाळणे, फिरती घोडी, बंदुकीने पाडायची बाहुली, तळलेल्या मासळीचा वास, बर्फाची गाडी. बर्मिंगहॅम आणि ब्लॅक कंट्रीतील कामकरी कुटुंबे गेल्या शतकभर सुटीच्या दिवशी इथे येत आली आहेत, कारण समुद्र त्यांना लांब पडतो आणि सेव्हर्न जवळ. काही प्रवासी या गलबल्याने नाक मुरडतात आणि ब्यूडलीच्या निवांत जॉर्जियन घरांकडे निघून जातात. मला मात्र तो गलबला या गावाच्या प्रकृतीला धरून वाटला. ज्या काठावर बो-हॉलियर राबले, जिथे हमालांनी माल वाहिला, तिथे त्यांच्याच थरातील माणसे आज मुलांना खांद्यावर घेऊन नौका पाहतात, यात मला औचित्य दिसते. हे वीसएक हजार वस्तीचे गाव कधीही सरदारांचे नव्हते, आणि ते तसे नाही हेच त्याचे शील आहे.

इंग्लंडला जाणारे आपले लोक स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचे घर पाहून परत फिरतात. त्यांनी एक दिवस स्टाउरपोर्टसाठी काढावा. गावात आता आगगाडी येत नाही, म्हणून बर्मिंगहॅमहून किडरमिन्स्टरपर्यंत गाडीने यावे आणि पुढे बस न घेता घोडवाटेने पायी चालावे. नौकांची ये-जा उन्हाळ्यात अधिक असते, पुराची भीती हिवाळ्यात. लॉकच्या तुळईला हात लावण्यास कोणी हरकत घेत नाही, मदत करणाऱ्याचे स्वागतच होते. फक्त पाठ लावून रेटावे आणि विटेच्या कडेवर टाच घट्ट ठेवावी.